पदरावरचं फूल

पहिल्या सरावाला अकरा मिनिटं वीस सेकंद लागली. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या औषधांच्या कारखान्यातून चारशे बारा माणसं बाहेर आली, पण ज्या मागच्या फाटकाकडे यायचं होतं तिकडे त्यातली एकोणचाळीसच आली. बाकीची पुढच्या फाटकाशी, सॉल्व्हंटच्या टाक्यांपासून वीस पावलांवर, गप्पा मारत उभी राहिली. खरी गळती असती तर ती तिथंच आडवी झाली असती.

तारीख होती १८ ऑक्टोबर १९८६, शनिवार. भोपाळला दोन वर्षं होत आली होती. चौदा नोव्हेंबरला आपण स्वतः घड्याळ घेऊन येणार, असं फॅक्टरी इन्स्पेक्टरांनी लेखी कळवलं होतं. कारखाना चार मिनिटांत रिकामा झाला पाहिजे, ही अट.

सरावाची जबाबदारी सुलक्षणा चिखले हिच्यावर होती. वय एकतीस, राहायला वेसाव्याच्या कोळीवाड्यात. नऊ वर्षं तिने पॅकिंगमध्ये गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरल्या. आदल्या वर्षी वरच्या मजल्यावर छोटी आग लागली तेव्हा तिने चाळीस बायकांना एका जिन्यावरून, कोणाला खरचटू न देता, खाली आणलं. त्यावरून मॅनेजर रामनाथ शेणॉय यांनी तिला सुरक्षा अधिकारी केलं. सहा महिन्यांच्या बोलीवर. ते सहा महिने नोव्हेंबरअखेर संपत होते.

शेणॉय यांनी त्याच संध्याकाळी तिला बोलावलं.

"पुण्याचे एक निवृत्त कॅप्टन यायला तयार आहेत," ते म्हणाले. "चौदा तारखेला नापास झालो तर ती जागा त्यांची. तू परत पॅकिंगला. पगार कमी करणार नाही."

"पगाराचं नाही विचारत मी, साहेब."

"मग ऐक. तू नापास झालीस तर या जागेवर परत बाई घ्या, असं मालकांना मला आयुष्यात सांगता येणार नाही."

सुलक्षणा मान हलवून बाहेर आली. काय बिघडलं हे तिला कळलं नव्हतं. ती मागच्या फाटकाशी उभी राहून घसा फुटेस्तोवर ओरडली होती. लोक तिच्याकडे बघत होते आणि दुसरीकडे जात होते.

सोमवारी कॅन्टीनमध्ये तिने वनमालेला गाठलं. वनमाला पॅकिंगमधली तिची जुनी शेजारीण, एकाच टेबलावर दोघींनी पाच वर्षं काढलेली.

"खरं सांग, त्या दिवशी तू पुढच्या फाटकाला का गेलीस?"

"राजारामकाका तिथं होते ना."

"आणि मी?"

"तू पण होतीस." वनमालेने वडापाव खाली ठेवला. "राग नको मानू हां. भोंगा वाजला की माणूस मोठ्या साहेबाकडे धावतो. काकांच्या हातावर केवढ्या तीन फिती! तुझ्याकडे एकच फूल. तीन मोठे की एक?"

"फूल मोठं, वने. फिती हवालदाराच्या. फूल अधिकाऱ्याचं."

"असेल. पण मला तर ते फूलपण कधी दिसलं नाही."

कारखान्याच्या पहाऱ्याची चिन्हं पूर्वीच्या एका लष्करी अधिकाऱ्याने ठरवून दिलेली होती, हुबेहूब सैन्यासारखी. साध्या पहारेकऱ्याच्या बाहीवर काही नाही. नाईकाच्या बाहीवर व्हीच्या आकाराच्या दोन सोनेरी फिती, हवालदाराच्या तीन. अधिकाऱ्याच्या बाहीवर काही नाही, खांद्यावर पाऊण इंचाचं एक पितळी फूल. ज्याने सैन्य पाहिलंय त्याला यात गोंधळ नाही. मरोळच्या कारखान्यात सैन्य पाहिलेला माणूस एकच होता, तो म्हणजे खुद्द राजाराम परब.

राजाराम मालवणकडचा, वय बावन्न. सैन्यात सोळा वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, कारखान्यातही हवालदारच. गणवेशाला रोज इस्त्री. शेणॉय यांची गाडी आत आली की त्याचा सलाम दूरवर ऐकू जाई, टाच अशी आपटायचा. सुलक्षणेला त्याने पाच महिन्यांत एकदाही सलाम केला नव्हता. तिने मनाला लावून घेतलं नव्हतं. बापाच्या वयाचा माणूस, त्याच्याकडून सलाम कसला मागायचा? पण वनमालेचं बोलणं ऐकल्यावर तिला तो सलाम वेगळा दिसू लागला. रोज सकाळी सातला चारशे माणसं त्या फाटकातून आत येत होती आणि बघत होती की काका तिला सलाम करत नाहीत.

ती सरळ फाटकावर गेली.

"काका, तुम्ही मला सलाम का करत नाही?"

राजाराम अजिबात गडबडला नाही. "कोणाक करू, मॅडम?"

"म्हणजे?"

"सैन्यात सलाम माणसाक नसता. खांद्याक असता. खांदो दिसलो की हात आपसूक वर जाता, माणूस कसोय असो. तुमचो खांदो मी पाच महिन्यांत बघूक नाय."

सुलक्षणेने खाली पाहिलं. खाकी साडीचा पदर तिने नेहमीप्रमाणे दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता. ब्लाउजच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल होतं. दोन्ही झाकलेली.

"वडीलधारं माणूस समोर आलं की पदर घेते मी," ती म्हणाली. "सवय आहे. तुमच्या मानासाठीच घेते."

"ता माका म्हायत आसा," राजाराम म्हणाला. मग हळू आवाजात, "म्हणूनच बोललंय नाय."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. ती त्याला मान देत होती म्हणून तो तिला सलाम करत नव्हता, आणि त्यावरून चारशे माणसांनी काढायचा तो अर्थ काढला होता.

तिने हे सांगितल्यावर शेणॉय यांनी सोपा उपाय सुचवला. "राजारामच्या फिती काढून टाकू. महिनाभरच. सराव झाला की परत लावू."

"नको साहेब."

"का? तुझीच अडचण सुटते."

"त्या फिती त्यांनी सोळा वर्षांत कमावल्यात. मी मोठी दिसावी म्हणून त्यांना लहान करायचं, हे मला जमणार नाही. आणि फिती काढल्यावर लोक त्यांच्याकडे जायचे थांबतील, माझ्याकडे यायला लागणार नाहीत."

शेणॉय यांनी पेन टेबलावर दोनदा आपटलं. "ठीक. मग तुझं तू बघ. दिवस मोजून पंचवीस."

गुरुवारी दुपारी ती साकीनाक्याला गेली. चंद्रप्रकाशचा गाळा तिथं एका गल्लीत होता. दोन शिवणयंत्रं, एक ठसे मारायचं यंत्र आणि भिंतीवर बिल्ल्यांची तोरणं. शाळांचे मॉनिटर, पहारा कंपन्या, हॉटेलांचे दरवान आणि लग्नाचे बँडवाले, सगळ्यांच्या खांद्यावरचं तो बनवायचा. तुळशीची लग्नं जवळ आली होती, म्हणून गाळा बँडवाल्यांच्या झालरींनी भरला होता.

त्याने तिची तक्रार ऐकली आणि हसला. "मॅडम, एक फूल में कुछ नहीं होगा. चार फिती लावतो, वर सोनेरी दोरी. काकाला तीन, तुम्हाला चार. मामला खतम."

"मग उद्या नाईक म्हणेल मला पाच."

"लावतो पाच! माझा धंदाच तो." त्याने एक लाल-सोनेरी झालर उचलून तिच्या खांद्यावर धरली. "हे बघा, बँड मास्टरचं. खरा जनरल बाजूला उभा केला ना, लोक याच्याच पाया पडतील. एवढ्या वर्षांत एक गोष्ट शिकलो मी. हाताखाली जेवढी माणसं कमी, तेवढी झालर मोठी."

"दोन दिवसांसाठी देता का ही? आणि तुकडे. पिवळा, पांढरा, लाल, गडद निळा."

"काय करणार?"

"मोजणार."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिने कारखान्याच्या आवारात चुन्याने पाच-पाच पावलांवर रेघा मारल्या. वनमालेच्या हाताला, खांद्याला एकेक चिन्ह लावायचं, तिला चालत लांब जायला सांगायचं, आणि कॅन्टीनमधून बाहेर पडणाऱ्याला विचारायचं, दिसतंय का, काय दिसतंय, हा माणूस कोण असेल. तिने एकूण सव्वीस जणांना विचारलं आणि उत्तरं वहीत उतरवली.

पितळी फूल बाराव्या पावलापुढे ओळखू येईना. विसाव्या पावलावर काहीतरी चमकतंय एवढंच लोक सांगत. तीन फिती तिसाव्या पावलावर मोजता येईनात, एक पिवळा डाग उरला, पण तो डाग पंचेचाळीसपर्यंत टिकला. झालर पन्नास पावलांवरून दिसली. ती दिसताच मशीन खात्यातल्या एकाने ओरडून विचारलं, "ए वनमाला, वरात कुठं चाललीय?" सगळं कॅन्टीन हसलं. सुलक्षणेने वहीत लिहिलं: झालर, पन्नास, दिसते पण ऐकणार कोणी नाही.

शेवटी गडद निळ्या कापडावरचा चार बोटं रुंद पांढरा पट्टा. तिसाव्या, पन्नासाव्या, सत्तराव्या पावलावर दिसला. पुढे भिंत होती म्हणून मोजणी थांबली. हा माणूस कोण, असं विचारल्यावर सव्वीसपैकी एकोणीस जण म्हणाले, कोणीतरी साहेब. का, ते एकालाही नीट सांगता आलं नाही. मशीन खात्यातला तोच माणूस म्हणाला, "ज्याला तीन-चार लावायला लागत नाहीत, तो मोठा असणार."

म्हणजे चिन्ह सापडलं. पण ते लावायचं कुठं, हा प्रश्न तसाच होता. बाहीवर लावलं तर राजारामच्या नियमात बसत नव्हतं. तिथं फिती असतात, आणि बाहीला तो सलाम करणार नव्हता. खांद्यावर लावलं तर पदराखाली जाणार. पदर एका खांद्यावर ठेवायचा ठरवला तरी डावा खांदा झाकलेलाच. आणि पाठमोरी असताना काय? सरावाच्या दिवशी अर्धा वेळ ती लोकांच्या पुढे चालणार होती.

रविवारी ती अंधेरीच्या बाजारात आईजवळ बसली होती. सखुबाईच्या समोर पापलेटं मांडलेली, गिऱ्हाईक तुरळक. सुलक्षणेने पाट्याच्या कडेवर बोटाने खांदा, बाही, पदर काढून दाखवला.

सखुबाईने ऐकून घेतलं आणि एक बांगडा उचलून पापलेटांवर टाकला. "हे बघ गो. आता पापलेट कोणाला दिसल?"

"नाही दिसणार."

"मग मी काय करीन? पापलेट काढून वर ठेवीन. बांगड्याशी भांडत बसणार नाय." तिने पापलेट काढून बांगड्यावर ठेवलं. "तुझा पदर वर हाय ना? मग फूल पदरावर लाव. एवढं काय त्यात?"

सुलक्षणा आईकडे बघत राहिली. शेजारची कोळीण म्हणाली, "सखू, तुझी पोरगी साहेब झाली का गो? अशी का बघते?"

"व्हईल," सखुबाई म्हणाली. "अजून पापलेट खालीच हाय तिचं."

चंद्रप्रकाशने आधी नकार दिला. बिल्ला पदरावर कोण लावतं? पितळी फूल लावून पाहिलं तर त्याच्या वजनाने पदर घसरू लागला. मग त्याने पांढऱ्या जाड धाग्याने तळहाताएवढं फूल भरलं. पदराच्या लांबीला वीतभर रुंद गडद निळी पट्टी शिवली, तिच्या मधून चार बोटं रुंद पांढरा पट्टा नेला आणि जिथं पदर खांद्यावर बसतो बरोबर तिथं ते फूल ठेवलं. पदर सोडला तर पट्टा पाठीवर उभा, दोन्ही खांद्यांवरून ओढला तर पाठीवर आडवा. कसाही घेतला तरी लपायला जागा नव्हती. तीन वेळा उसवून चौथ्यांदा तो नीट बसला.

"मॅडम," चंद्रप्रकाश कापड झटकत म्हणाला, "वीस वर्षांत पहिल्यांदा असं काही बनवलं. झकास दिसतंय यार. वाट लागली माझ्या झालरींची."

भाऊबीज झाल्यावर, सहा नोव्हेंबरला, सकाळी सहा पन्नासला ती नव्या साडीत पुढच्या फाटकाशी आली. पाळी सुरू व्हायची वेळ. सत्तर-ऐंशी माणसं फाटकात होती. राजाराम समोर उभा होता. तिने सवयीने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढला आणि थांबली.

राजारामने पट्टा पाहिला, फूल पाहिलं. हात हलला नाही.

"पदरार?" त्याने विचारलं.

"हो काका. नियमात बसत नसेल तर सांगा."

तो विचार करत राहिला. मागे माणसांची रांग तुंबली. कोणीतरी म्हणालं, "काका, कार्ड पंच करायचंय."

"थांब रे." मग तो सुलक्षणेला म्हणाला, "लडाखात आमी शर्टावर ओव्हरकोट घालायचो. शर्टाच्या खांद्यावरची फुलां आत जायची. मग साहेब लोक ओव्हरकोटाच्या खांद्यार फुलां लावायचे. जो कपडो सगळ्यात वर, रँक त्येच्यार." त्याने पुन्हा एकदा फुलाकडे पाहिलं, जणू शिवण तपासत होता. "नियम तोच. बसता."

टाच आपटली. हात कपाळाशी गेला. "जय हिंद, मॅडम!"

आवाज आवारात घुमला. सुलक्षणेने हात वर केला, चुकीचा, बोटं फाकलेली. वनमाला तोंडावर हात ठेवून बघत होती. तीन फितींनी एका फुलाला सलाम केला होता, आणि तीन मोठे की एक हा प्रश्न ऐंशी माणसांपुरता तिथंच मिटला.

तो दिवस धरून सात कामाचे दिवस, पाळी सुरू होताना आणि सुटताना, राजारामने चौदा सलाम ठोकले. उलट सलाम कसा करायचा ते त्याने तिला फाटकाच्या चौकीत शिकवलं. "बोटां जुळवा. कोपर खांद्याच्या रेषेत. मासे नाय मोजूचे, मॅडम, सलाम करूचो आसा."

चौदा नोव्हेंबरला, शुक्रवारी, इन्स्पेक्टर दुपारी अडीचला आले. बारीक अंगाचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी सुलक्षणेकडून नकाशा घेतला, सगळे मागच्या फाटकाने बाहेर पडणार हे वाचलं आणि नकाशा घडी करून खिशात टाकला. मग धुराचा डबा स्वतः उचलून ते चालत गेले आणि मागच्या फाटकाशेजारीच ठेवला.

"गळती इथं आहे असं समजा," ते म्हणाले. "तीन दहाला भोंगा."

तीन वाजून गेले होते. कोणाला सांगायला वेळ नव्हता.

भोंगा वाजला. पॅकिंगचा दरवाजा उघडला आणि बायका शिकवल्याप्रमाणे मागच्या फाटकाकडे निघाल्या. धूर पांढरा, दाट, वाऱ्याबरोबर त्यांच्याकडेच येत होता. सुलक्षणा त्या वाटेवर मधोमध उभी होती. पहिल्या सरावात ती ओरडली होती. भोंग्यापुढे तो आवाज कोणालाही ऐकू गेला नव्हता. या वेळी ती ओरडली नाही. पहिल्या रांगेने आपल्याला पाहिलं याची खात्री होईपर्यंत थांबली, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढला, पाठ फिरवली आणि उत्तरेच्या बाजूच्या लहान दरवाजाकडे झपझप चालू लागली. त्याच्या पलीकडे मोकळं मैदान होतं.

तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पट्टा दिसेनासा झाला असता. चाळीस पावलं ती चालली, आणि कोणी मागे येतंय की नाही हे तिला ठाऊक नव्हतं.

मग तिला चपलांचा आवाज ऐकू आला. पन्नास, शंभर, दोनशे चपलांचा.

पुढच्या फाटकावरून राजारामने पांढरा पट्टा वळलेला पाहिला. मागच्या फाटकाशी धूर बघून मशीन खात्याची माणसं त्याच्याकडे येत होती. तो फाटकात आडवा उभा राहिला, तीन फितींचा हात ताणून त्याने उत्तरेकडे दाखवलं आणि गरजला, "फुलाच्या मागसून! चला, फुलाच्या मागसून!"

मैदानात खातेवार रांगा लागल्या. खातेप्रमुखांनी आकडे ओरडून सांगितले, सुलक्षणेने बेरीज केली. तीनशे अठ्ठ्याण्णव. त्या दिवशीच्या हजेरीतही तीनशे अठ्ठ्याण्णव.

इन्स्पेक्टरांनी घड्याळ थांबवलं. "तीन मिनिटं छत्तीस सेकंद."

शेणॉय यांनी आकडा पुन्हा विचारला. इन्स्पेक्टरांनी घड्याळच त्यांच्यापुढे धरलं. मग ते राजारामकडे वळले.

"हवालदार, दिशा बदलल्याचं तुम्हाला कोणी कळवलं?"

"कोणीच नाय, साहेब. फूल फिरला, आमी फिरलो."

त्यांनी वनमालेला विचारलं. तिचा दम अजून खाली बसला नव्हता. "मला काही ऐकू येत नव्हतं साहेब. धुरात तिच्या पाठीवरचा पट्टा दिसला. गेले मागोमाग."

इन्स्पेक्टरांनी सुलक्षणेभोवती एक फेरी मारून पदर पुढून आणि मागून पाहिला. "हे कुठल्या नियमावलीत आहे?"

"कुठल्याच नाही," सुलक्षणा म्हणाली. "सत्तर पावलांवरून दिसतं, एवढं मोजलंय. वही आहे माझ्याकडे."

"वही मला लागेल. चेंबूरच्या दोन कारखान्यांत बायका पहाऱ्यावर आहेत. त्यांचीही फुलं पदराखालीच असणार." त्यांनी अहवालावर सही केली आणि कागद शेणॉय यांच्या हातात दिला.

शेणॉय यांनी तो दोनदा वाचला. "चिखले, पुण्याच्या कॅप्टनना मी आजच कळवतो."

"काय, साहेब?"

"जागा भरलीय म्हणून."

पाच वाजता पाळी सुटली. सुलक्षणा पुढच्या फाटकाशी उभी राहिली. राजारामने टाच आपटली, हात कपाळाला नेला. तिने बोटं जुळवून, कोपर सरळ ठेवून उलट सलाम केला. त्यामागून वनमाला आली. तिने डबा काखेत मारला, पाय आपटला आणि सलाम ठोकला. तिच्या मागच्या मुलीने ठोकला. मग सगळं पॅकिंग खातं, दोन-दोनच्या जोडीने, पिशव्या आणि डबे सांभाळत, सलाम करत फाटकातून बाहेर पडू लागलं. निम्म्या डाव्या हाताने करत होत्या.

"डावो नाय गे!" राजाराम ओरडत होता. "उजवो! उजवो हात! मॅडमक डावो करतात काय?"

सुलक्षणेने प्रत्येकीला उलट सलाम केला. सगळी माणसं बाहेर पडायला सतरा मिनिटं लागली आणि तेवढा वेळ तिचा हात खाली आला नाही.